मुळात काय आहे?

१

संशय घेणं हा माझा धंदाच आहे. बायको म्हणते, तुम्हाला कोणी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तरी यात त्याचा काय डाव आहे ते तुम्ही आधी बघता. खोटं नाही ते. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते एखाद्या भोळ्याभाबड्या माणसाने सांगितलंय, असं कृपा करून समजू नका.

सर्वोच्च न्यायालयात उभं राहून बोलायला कुठलाही वकील चालतो, पण प्रकरण दाखल करायचं तर त्यावर सही लागते ती एका खास परीक्षेत पास झालेल्या वकिलाची. चार पेपर असतात. पाच वेळा बसता येतं, सहावी संधी नाही. मी चार वेळा आपटलो होतो. चारही वेळा मसुद्याच्या पेपरात, शेवटच्या वेळी तर तीन मार्कांनी. गंमत अशी की गेली सोळा वर्षं मी मसुदे लिहिण्यापलीकडे काही केलेलंच नाही. मोठ्या साहेबांच्या ऑफिसातून जो कागद न्यायालयात जातो तो माझा असतो. खाली सही साहेबांची. नाव साहेबांचं. न्यायमूर्तींनी कधी मसुद्याचं कौतुक केलं तर मान झुकवायची तीही साहेबांनी.

या खेपेला साहेबांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "पास झालात तर दारावरच्या पाटीवर माझ्याखाली तुमचं नाव. नाही झालात तर मला दुसरी सोय बघावी लागेल, वकीलबुवा."

दुसरी सोय म्हणजे धाकट्या बाई. ऑफिसात येऊन चार वर्षं झालेल्या, परीक्षेला पहिल्यांदाच बसणाऱ्या आणि सगळे निवाडे वर्षांसकट तोंडपाठ असलेल्या. मला त्या फार अदबीने 'सर' म्हणायच्या. त्या अदबीचाही मला संशय होताच.

२

आमच्या कामात रुजुवात नावाचा एक प्रकार आहे. मूळ कागदाची नक्कल केली की ती मुळाशी ताडून बघायची आणि मगच खाली 'खरी नक्कल' अशी सही ठोकायची. हे काम एकट्याने होत नाही. एकाने नक्कल मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मूळ हातात धरून ओळीवरून बोट फिरवायचं. ओळ जुळली की म्हणायचं 'हं'. नाही जुळली की 'थांबा'.

आमच्याकडे मूळ कायम तात्यांच्या हातात असायचं. तात्या म्हणजे ऑफिसातले सगळ्यात जुने कारकून. "हं... हं..." करता करता त्यांना डुलकी लागली असं वाटायचं आणि नेमकं तेव्हाच यायचं, "थांबा." चूक काय ते आपणहून सांगायचे नाहीत. शोधा तुमचं तुम्ही. अगदीच सापडली नाही तर विचारायचं, "मुळात काय आहे?" मग ते एकदाच वाचून दाखवायचे, आणि वाचतील ते निमूटपणे लिहायचं. मुळात कोणी 'पुतण्या'चा 'पुतळ्या' करून ठेवला असेल तर नकलेतही पुतळ्याच. "आपण सुधारायला बसलेलो नाही," तात्या म्हणायचे.

गेल्या वर्षी ते मुलाकडे राहायला गेले आणि रुजुवात बंदच झाली. यंत्रातून प्रती निघतात, आता ताडून कोण बघतंय? पण मला मोठ्याने वाचायची खोड लागली ती लागलीच. परीक्षेच्या तीन महिने आधीपासून मी रोज सकाळी सातला ऑफिसात यायचो. मागे फायलींची खोली आहे. चार लोखंडी मांडण्या, एक टेबल, आणि शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड असलेली एक खिडकी. तिथे बसून दीड तासात एक मसुदा लिहायचा आणि मग आपलाच मसुदा आपल्यालाच वाचून दाखवायचा, हा माझा नेम.

एका मंगळवारी अपिलाच्या परवानगीचा अर्ज वाचत होतो. तिसऱ्या परिच्छेदाशी आलो तेव्हा लक्षात आलं, की दर ओळीनंतर मी जरा थांबतोय आणि त्या थांबण्यात कोणीतरी 'हं' म्हणतंय.

३

पहिला विचार आला तो पाण्याच्या पाइपचा. दुसरा माझ्याच घशाचा. मी पाणी प्यायलो, खिडकी लावली आणि पुन्हा वाचायला लागलो. पुन्हा 'हं'. मागच्या दोन मांडण्यांच्या मधून येत होतं. घाई नाही, कौतुक नाही, कंटाळलेल्या माणसाचं असावं तसं.

आता वकिली डोकं आहे, ते गप्प कसं बसेल? मी टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं आणि त्यातली बातमी मोठ्याने वाचली. काही नाही. साहेबांनी लिहिलेलं एक जुनं पत्र वाचलं. काही नाही. माझा मसुदा हातात घेतला आणि पहिली ओळ वाचली.

"हं."

रुजुवातीत 'हं' म्हणणाऱ्याच्या हातात मूळ असतं. मी मघाशी, साडेआठ वाजता, कोऱ्या कागदावर जे लिहिलं त्याचं मूळ कोणाच्या हातात असणार? हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. मी तो बाजूला ठेवला, कारण पुढच्याच पानावर आवाज आला, "थांबा."

मी थांबलो. ओळ बघितली, वरची बघितली, खालची बघितली. अर्ज मुदतीनंतर एकशे चार दिवसांनी दाखल होत होता आणि उशीर माफ करावा ही विनंती मी लिहायलाच विसरलो होतो. गेल्या वेळचे तीन मार्क कुठे गेले ते मला त्या क्षणी कळलं. घाबरायला हवं होतं हे मान्य आहे. पण खरं सांगतो, मला आनंद झाला.

४

आनंद दुपारपर्यंत टिकला. मग संशय आला, आणि तो अर्थातच धाकट्या बाईंचा आला. दुसऱ्या दिवशी पावणेसातलाच येऊन मी सगळ्या मांडण्या उपसल्या. फायलींच्या मागे हात घातला, टेबलाखाली वाकून बघितलं, दिव्याची झाकणंसुद्धा काढली. कुठे फोन दडवलेला नव्हता, वायर नव्हती. धुळीने माखलेला मी तेवढा होतो, आणि नेमक्या त्याच वेळी बाई दारात उभ्या राहिल्या.

"काही हरवलंय का, सर?"

"तुम्ही इतक्या लवकर?"

"मी रोजच येते. बाहेरच्या खोलीत बसून वाचते." त्या जरा घुटमळल्या. "तुम्ही दोघं आत असता म्हणून मी दार वाजवत नाही."

"दोघं म्हणजे?"

"तात्या परत यायला लागलेत ना?" त्यांनी मांडण्यांकडे नजर टाकली. "त्यांचं ते 'हं' ऐकू येतं. मला तुमचा हेवाच वाटतो, खरं सांगू का. माझी रुजुवात घ्यायला कोणी नाही."

त्या खोटं बोलत असतील, ही शक्यता मी नीट तपासून बघितली. साक्षीदार खोटं बोलतो तेव्हा जास्त सांगतो. बाई तेवढंच बोलून बाहेर गेल्या आणि वाचायला बसल्या.

मी तात्यांना फोन लावला. ऐकू कमी येतं म्हणून ते स्वतःच ओरडून बोलतात. तब्येत ठणठणीत आहे म्हणाले, नातवाला शाळेत सोडून आत्ताच आलो म्हणाले. मी विचारलं, "तात्या, मूळ हातात नसताना तुम्ही कधी 'हं' म्हणायचात का?"

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" तात्या ओरडले. "मूळच नसेल तर 'हं' कशावर म्हणू? अभ्यास करा जरा!"

मी अभ्यास केला. दुसरं काय करणार? परीक्षा सात आठवड्यांवर होती आणि मागच्या मांडणीमागून रोज माझ्या चुका धरल्या जात होत्या. त्या मंगळवारपासूनचे सगळे मसुदे मी काढून वाचले. एकाही ठिकाणी आवाजाने चुकीचं थांबवलं नाही. आणि एकदाही मी विचारलं नाही, मुळात काय आहे. चूक माझी मलाच सापडायची. ते विचारायची वेळ येऊ नये, असं मला का कोण जाणे वाटत होतं.

५

इथवर प्रकरण ऑफिसात होतं. एका रविवारी ते घरी आलं.

सतत बसून माझा डावा गुडघा धरला होता. बायको मलम चोळत होती. गुडघ्यावरच्या जुन्या खुणेवर तिचं बोट थांबलं. "ही कशाची हो? इतक्या वर्षांत कधी विचारलंच नाही मी."

"चौथीत होतो," मी म्हणालो. "सायकलवरून पडलो."

"थांबा."

स्वयंपाकघराच्या बाजूने आलं. बायको मलमाच्या डबीचं झाकण शोधत होती, तिने मान वर केली नाही. मी हसून घेतलं. पण हसून मिटणारी गोष्ट असती तर मी लगेच आईला फोन केला नसता. आई माझ्या मोठ्या भावाकडे असते. रविवारी सकाळी माझा फोन म्हणजे तिला सणच.

"सायकलवरून?" ती म्हणाली. "सायकल कुठली रे बाळा? तुला सायकल येतच नव्हती. जिन्यावरून गडगडत खाली आलास तू. किती रक्त ते!"

"निळी सायकल होती, आई. घंटी मोडलेली."

"नव्हती रे," आई म्हणाली. मग म्हणाली, "अभ्यासाने डोकं शिणलंय तुझं. झोपत जा वेळेवर."

ती घंटी मला आजही दिसते. अंगठ्याने दाबली की नुसती खट् वाजायची. पण 'नव्हती' म्हणण्याआधी आई जो एक श्वास थांबली, तोही माझ्या लक्षात राहिला. उलटतपासणीत अशाच श्वासांवर आम्ही जगतो.

त्यानंतर मी घरी कमी बोलायला लागलो. 'काल मी दाढी केली होती', 'आपण त्या वर्षी भावाकडे राहिलो होतो', असली साधी वाक्यं तोंडातून काढताना मी शेवटी किंचित थांबायचो. बहुतेक वेळा 'हं' यायचं. यायचं तेव्हा मला हायसं वाटायचं. आपण आपल्याच आयुष्यात पास होतोय याचं हायसं वाटावं, ही गोष्ट काही बरी नव्हे हे मला कळत होतं.

६

परीक्षेला तीन दिवस उरले असताना मी त्याला बघितलं. बघितलं म्हणणं जास्तीचं आहे. जेवढं दिसलं तेवढं सांगतो.

सकाळचे सव्वानऊ वाजले होते, खोलीत भरपूर उजेड होता. मी वाचत वाचत उठलो. वाचन न थांबवता, पायातले बूट काढून, एकेक पाऊल टाकत मांडणीपाशी गेलो. तिसऱ्या कप्प्यात दोन फायलींच्या मधे चार बोटांची फट होती. तिथे डोळा लावला आणि पुढची ओळ वाचलीच नाही.

पलीकडे एक कागद होता. जुना, कडा पिवळ्या पडलेला. त्यावर एक बोट टेकलेलं होतं. माणसाचंच बोट, नख नीट कापलेलं. कागदावरचं अक्षर माझं होतं, माझा 'ळ' जगात दुसरा कोणी काढत नाही. बोट एका ओळीखाली थांबलं होतं आणि हलत नव्हतं. ते माझ्या वाचण्याची वाट बघत होतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी माझ्याच्याने राहवलं नाही. मी हातातली ओळ पुटपुटलो. बोट शब्दाशब्दाने सरकलं आणि ओळीच्या शेवटी आलं.

"हं," माझ्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर कोणीतरी म्हणालं.

मी धावत वळसा घालून पलीकडे गेलो. भिंत होती. मांडणी आणि भिंत यांच्या मधे उभं राहायला धड जागासुद्धा नव्हती. बाहेरच्या खोलीतून धाकट्या बाईंनी विचारलं, "काय झालं, सर?" मी सांगितलं, काही नाही. त्या दिवशी उरलेला मसुदा मी वाचून पूर्ण केला. तो अर्धवट सोडायची मला भीती वाटली.

७

मसुद्याचा पेपर शेवटच्या दिवशी होता. मोठा हॉल, दूर दूर मांडलेली टेबलं, दोन पंखे कुरकुरत होते. प्रश्न बघितले आणि हसूच आलं. सगळे माझ्या हातातून गेलेले होते. मी लिहीत सुटलो. मनातल्या मनात वाचायचो आणि दर ओळीला कानाशी 'हं' यायचं. एकदाही 'थांबा' नाही. असा पेपर मी जन्मात लिहिला नव्हता. पाटीवरचं नाव मला दिसायला लागलं होतं.

शेवटच्या पंधरा मिनिटांत पर्यवेक्षक घोषणापत्राचे कागद वाटतात. साधा कागद असतो. 'मी, अमुक अमुक, असे जाहीर करतो की या उत्तरपत्रिका मीच लिहिल्या आहेत.' नाव घालायचं, सही करायची. मजकुरात चूक आढळल्यास चारही पेपर बाद, असं खाली ठळक छापलेलं. मी माझं नाव लिहिलं आणि सवयीने मनात वाचलं.

"थांबा."

मी नाव तपासलं. काना, मात्रा, वेलांटी. वडिलांचं नाव, आडनाव. पुन्हा तपासलं. सगळं बरोबर होतं. पुन्हा वाचलं.

"थांबा."

घड्याळात सहा मिनिटं राहिली होती. लक्ष देऊ नये, सही करून मोकळं व्हावं, असं डोकं सांगत होतं. पण इतक्या आठवड्यांत तो आवाज एकदाही चुकलेला नव्हता. त्याने धरलेल्या चुका सुधारल्या म्हणून आजचा पेपर असा गेला होता. ही माझी शेवटची संधी होती आणि समोरच्या कागदात चूक होती आणि मला ती सापडत नव्हती. अशा वेळी काय करायचं असतं ते सोळा वर्षांत अंगात मुरलेलं आहे. ओठ न हलवता मी विचारलं, "मुळात काय आहे?"

त्याने एकदाच वाचून दाखवलं.

ते नाव माझं नव्हतं. मी ते आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. वडिलांचं नाव तेच, आडनाव तेच, पण आधीचं नाव वेगळं. आणि माझ्या हाताने माझं नाव खोडून ते लिहिलंसुद्धा. मी हाताला दोष देत नाही. मूळ ज्याच्या हातात तो जे वाचेल ते निमूटपणे लिहायचं, हेच मी आजवर शिकलो होतो.

पर्यवेक्षक आले. आता हे पकडतील, या आशेने मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. आशाच म्हणतो मी तिला. त्यांनी माझं प्रवेशपत्र उचललं, त्यावरच्या नावाखाली बोट धरलं, मग घोषणापत्रावरच्या नावाखाली धरलं.

"हं," ते म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

प्रवेशपत्र मी आठवडाभर खिशात घेऊन हिंडत होतो. त्यावर फोटो माझा होता. नाव ते होतं.

८

मी पास झालो. मसुद्याच्या पेपरात त्या वर्षीचे सर्वांत जास्त मार्क मला पडले. साहेबांनी सगळ्यांसमोर मिठी मारली. धाकट्या बाईही पास झाल्या आणि त्यांनी मनापासून अभिनंदन केलं, त्यात मला काही डाव सापडला नाही. पाटी आली. पितळेची, साहेबांच्या नावाखाली दुसरं नाव. येणारे-जाणारे ती वाचायचे आणि माझा हात हातात घ्यायचे.

मला नावाने हाक मारणारं माणूसच उरलेलं नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बायको 'अहो' म्हणते, भाऊ 'बाळा'. बाई 'सर' म्हणतात. साहेबांसाठी मी वकीलबुवा. विचारायचं कोणाला? मी कागद काढले. वकिलीची सनद, शाळेचा दाखला, लग्नाची पत्रिका. एकेक समोर ठेवून बोट फिरवलं. सगळे एकमेकांशी जुळत होते. असा पुरावा समोर असता तर मी अशिलाला सांगितलं असतं, गप्प बसा, तुमच्या बाजूने काही नाही.

बायकोला विचारलंच शेवटी, माझं नाव काय. ती हसायला लागली. "परीक्षा संपली ना हो? आता माझी घेताय?" आणि तिने पाटीवरचंच नाव घेतलं, लाजत, जसं पूर्वी घ्यायची तसं.

राहता राहिली आई. माझं नाव तिने ठेवलेलं आहे. तिला मी दुपारी ऑफिसातून फोन केला. फायलींच्या खोलीत कोणी नव्हतं. परीक्षेनंतर तिथून एकदाही आवाज आला नव्हता.

"पाटी लागली का रे?" आईने आधी तेच विचारलं. "वाच बघू मला."

मी वाचलं. ती ऐकत राहिली आणि मग ते नाव स्वतःशीच एकदा म्हणाली. "तुझे वडील असते तर किती आनंद झाला असता त्यांना," ती म्हणाली.

"आई," मी म्हणालो, आणि मी परीक्षेत खोडलेलं माझं नाव घेतलं. फक्त नाव. पुढे काही विचारायचं धैर्य झालं नाही.

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. खुर्ची सरकली. दार लोटल्याचा आवाज आला. मग आई अगदी हळू, घरातल्या कोणाला ऐकू जाऊ नये अशी बोलली.

"हे नाव तुला कोणी सांगितलं?"

उत्तर द्यायला मला फार वेळ नव्हता. टेबलावर पहिला अर्ज सहीसाठी उघडा होता, साहेब दोनदा डोकावून गेले होते.

"ऑफिसात आहे एक जण," मी म्हणालो. "त्याचं नाव आहे हे."

"असं होय." आईने सोडलेला श्वास मला फोनमधून ऐकू आला. "आणि तो... बरा आहे का रे?"

"बरा आहे. सोळा वर्षं आहे आमच्याकडे. मसुदे चांगले लिहितो."

साहेब तिसऱ्यांदा डोकावले. मी फोन ठेवणारच होतो.

"एकदा घरी घेऊन ये ना त्याला," आई म्हणाली. "जेवायला."